चौथ्या दारात खोली मिळाली

दोन आठवड्यांपूर्वी शिरूरला गेले होते, नात प्रज्ञासाठी भाड्याची खोली शोधायला. पाय अजून दुखतायत, पण हे लिहायचंच होतं...

प्रज्ञाचा नर्सिंगला नंबर लागलाय. दवाखान्यातली ड्युटी सकाळी सातला. केंदूरहून जीपनं शिक्रापूर, तिथून एसटीनं शिरूर... सातला कोण पोचतंय? इतक्या गैरहजेऱ्या पडल्या की मॅडमनी शेवटचं सांगितलं, एक तारखेपासून वेळेवर आली नाहीस तर परीक्षेला बसू देणार नाही. हॉस्टेल तर कधीच भरलेलं.

तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, म्हणाला, राहू दे, पुढच्या वर्षी बघू. ते पुढचं वर्ष मला चांगलं माहीत आहे. त्या वर्षात पोरीला बघायला पाहुणे येतात, कॉलेज येत नाही. म्हणून मीच प्रज्ञाला घेऊन निघाले.

मी चौथी शिकलेली. पण खोली बघायला शाळा लागत नाही. दाराबाहेरच्या चपला मोजायच्या, म्हणजे आत किती जण कोंबलेत ते कळतं. नळ सोडून बघायचा, संडासची कडी लागते का बघायचं... झालं.

पहिल्या घरी चपलांचा ढीग. मालक म्हणाला, कंपनीतली पोरं आहेत, एका खोलीत चौघं, आठ हजार देतात. तुम्ही एका पोरीचे किती देणार? मी म्हटलं, "चौघांना हवा तरी पुरती का वो?" तिथून आम्हाला निघावंच लागलं.

दुसरं घर चांगलं होतं. मालकानं पंखा लावून दाखवला, गच्चीवर कपडे कुठं वाळत घालायचे तेही दाखवलं. मग विचारलं, आडनाव काय... आणि पाहुणे कुठले तुमचे? आम्ही बौद्ध. प्रज्ञानं आडनाव सांगितलं, पाहुणेही सांगितले. तर म्हणे, "मिसेसला विचारून फोन करतो." मिसेस मागंच उभी होती. विचारायला कितीसा वेळ लागतो?

तिसऱ्या घरीही तसंच. आडनाव ऐकलं आणि खोली सकाळीच गेल्याचं त्यांना आठवलं. 'खोली भाड्याने देणे आहे' ही पाटी मात्र गेटवर लटकत होती. मला या गोष्टी नव्या नाहीत... राग येऊन येऊन तोही जुना झाला. पण त्या दिवशी मी घाबरले. दुपार होत आली होती आणि एक तारखेला चार दिवस राहिले होते.

चौथ्या घरी एक बाई ओट्यावर गहू पाखडत बसलेली. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान असेल. भाडं पाच हजार म्हणाली, आणि लगेच तेच... आडनाव? पाहुणे कुठले?

प्रज्ञा तोंड उघडायच्या आत मीच बोलले. आडनाव दुसरंच सांगितलं. वर ठोकून दिलं, "तळेगाव ढमढेऱ्याला माझं भाऊ हायेत, पंधरा एकर ऊस हाय त्येंचा." बाईचा चेहरा लगेच सैल झाला. चहा टाकू का म्हणाली.

आता खोली मिळालीच म्हणून मी निवांत झाले... आणि प्रज्ञा बोलली.

"काकू, आजी खोटं बोलतीये. आम्ही बौद्ध आहोत. मामा-आजोबांचा ऊस नाही, आमचीच दोन एकर जिरायत आहे. आत्ताच सांगते, कारण नंतर कळल्यावर तुम्ही खोली सोडा म्हणालात, तर तेव्हा माझी परीक्षा असेल."

बाईच्या हातातलं सूप थांबलं. माझ्याकडं बघून म्हणाली, "आजी, एवढं वय झालं, खोटं कशाला वो बोलला?"

मी म्हटलं, "दोन घरं खरं बोलून झाली, म्हणून."

ती सूप बाजूला ठेवून आत गेली. मी प्रज्ञाकडं असं बघितलं की दुसरी असती तर रडली असती. चपला पायात सरकवल्या... तेवढ्यात बाई किल्ली घेऊन बाहेर आली. "कुठं निघाला? खोली बघायची न्हाई का?"

खोली वरच्या मजल्यावर. बाई जिन्यातच सांगायला लागली... पाणी एक दिवसाआड, रात्री नऊला गेट बंद, भिंतीला खिळा मारायचा नाही, फोटो लावायचा तर कपाटावर ठेवा. कोणता फोटो ते तिनं विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही.

पाच हजार आम्हाला झेपणारे नव्हते. प्रज्ञा म्हणाली, माझ्या वर्गातली दौंडची मुलगी बसनं ये-जा करून टेकीला आलीये, आम्ही दोघी राहू. बाई म्हणाली, "मग तिचं बी आडनाव आताच सांगून टाक." प्रज्ञा म्हणाली, "ते तीच सांगेल की काकू." बाईला हसू आलं. अडीच-अडीच हजारांत ठरलं. आमच्या वाट्याचे निम्मे मी देणार, अजून खुरपायला जाते मी.

परतताना एसटीत मी तिला झापलं. म्हटलं, चारचौघांत आजीला खोटारडी केलीस. तर म्हणते कशी, "तू होतीसच."

गावात माझ्या तोंडाला भले भले घाबरतात. पण पदरचं काही जाणार नसताना तोंड चालवायला काय लागतं? खोली हातातून जाताना दिसत असून, आवाज न चढवता खरं बोलायचं, हे मला सत्तर वर्षांत जमलं नाही. या पोरीला एकोणिसाव्या वर्षी जमलं.

तोंडावर कौतुक केलं तर डोक्यावर बसेल, म्हणून इथं लिहिलं... तिनं वाचलं तर वाचलं. ड्युटीवर फोन बघत नाही म्हणे, आणि आता रोज सातच्या आत ड्युटीवर असते.