फलकावरचा साखरपुडा

परवा सकाळी डाळ शिजत टाकून मोबाईल हातात घेतला, तर रोह्याच्या आमच्या जुन्या कॉलेजच्या ग्रुपवर पत्रिका आलेली. वर ठळक अक्षरात 'कॉलेज वार्ता आणि आगामी कार्यक्रम'. खाली रक्तदान, कबड्डीचे सामने आणि मग वार्षिक स्नेहसंमेलन. प्रमुख पाहुणी म्हणून माझं नाव, त्यापुढे 'निवृत्त मुख्याध्यापिका, पेण', आणि कुठून पैदा केला कोण जाणे, माझा एक जुना फोटो. मला कुणी विचारलेलं नव्हतं. फोन नाही, चिठ्ठी नाही. खाली लोकांनी हात जोडायला आणि फुलं उधळायला सुरुवातही केली होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. डाळ करपली ती वेगळीच.

या कॉलेजला ही खोड जुनीच आहे. आधी लिहून मोकळं व्हायचं आणि मग ज्याचं नाव लिहिलं त्याने आयुष्यभर निस्तरायचं. मी एकदा निस्तरलंय, आणि माझ्याहून जास्त माझ्या बाबांनी. म्हणून सांगते.

आमचं गाव पेणच्या खाडीकडचं. बाबा मिठागरात कामाला. दिवाळी उलटली की ते आणि आई पार उन्हाळा संपेपर्यंत वाफ्यांत. बारावी झाल्यावर मावशीने मला रोह्याजवळ वरश्याला आपल्याकडे नेलं. तिला घरात हात हवा होता आणि मला कॉलेज हवं होतं, तेव्हा दोघींचं जमलं. वरश्याहून कॉलेजला मी चालत जायची. बाबांनी निघताना एकच सांगितलं होतं, ''शिक. मास्तरीण व्हायचं तर हो. तुझ्या लग्नाचं तुला इचारल्याबिगर मी कुणाला सांगनार नाय.'' बाबांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण बोललेलं ते विसरत नसत.

त्या कॉलेजच्या फाटकात एक मोठा काळा फलक होता. बाकीच्या कॉलेजांत असले फलक आत व्हरांड्यात असतात. आमचा बाहेर, रस्त्याकडे तोंड करून, आणि त्याच्या अगदी समोर एस.टी.चा थांबा. धाटावच्या कारखान्यांत शिफ्टवर जाणाऱ्यांच्या बसही तिथेच थांबायच्या. त्यामुळे फलकावर सकाळी जे लिहिलं जाई ते दुपारपर्यंत पार नागोठण्यापलीकडे गेलेलं असे. कुणाचा पोरगा पहिला आला, कुणाची पोर नाटकात काम करते, सगळं. मुलं घरी पोचायच्या आधी बातमी पोचलेली असायची.

फलकाचे दोन भाग. खाली पांढऱ्या खडूने आगामी कार्यक्रम, आणि वर गुलाबी खडूने 'आनंदवार्ता'. या आनंदवार्तेत कॉलेजातल्या मुलींचे साखरपुडे जाहीर करायची प्रथा होती. मुलग्यांचे नाही, मुलींचेच. नाव, गाव, मुलगा कुठल्या कंपनीत, आणि शेवटी 'हार्दिक अभिनंदन'. एकदा का मुलीचं नाव तिथे चढलं की ती सगळ्यांच्या दृष्टीने कॉलेजातून निघाल्यातच जमा. प्राध्यापक तिला प्रश्न विचारेनासे होत. मला तेव्हाही त्या गुलाबी खडूची शिसारी यायची.

फलक लिहायचे ते आमचे इतिहासाचे सर. अक्षर सुंदर, त्याचा गर्व त्याहून सुंदर. सकाळी लिहून झालं की रस्ता ओलांडून थांब्यावर जाऊन उभे राहायचे आणि लोक वाचतायत का ते बघायचे. त्यांच्याशिवाय फलकाला कुणी हात लावायचा नाही, असा शिपायाला सक्त हुकूम होता.

मी शेवटच्या वर्षाला असताना मावशीने एक स्थळ काढलं. मुलगा रोह्याचा, धाटावला कंपनीत कायम झालेला. ते लोक मावशीकडे येऊन मला बघून गेले. मुलाची आई म्हणाली, लग्न याच चैत्रात हवं. मी म्हटलं, माझी परीक्षा आहे. ती हसली आणि म्हणाली, ''परीक्षा काय गो, पळून जातेय काय? आनि पास होऊन तरी कुनाला दाखवायचंय?'' मी घाबरले नाही, कारण बाबांचा शब्द माझ्याकडे होता. बाबांनी त्यांना विचार करून सांगतो एवढंच कळवलं होतं. बोलणी तिथेच होती.

मला माहीत नव्हतं ते एवढंच, की आमचे फलकाचे सर म्हणजे त्या मुलाच्या आत्याचे यजमान.

एका सकाळी कॉलेजवर पोचले तर फाटकात मैत्रिणी टाळ्या वाजवायला लागल्या. वर बघितलं. आनंदवार्ता. माझं नाव, माझं गाव, मुलाचं नाव, कंपनीचं नाव, आणि चहूबाजूंनी वेलबुट्टी. खाली आगामी कार्यक्रमात पेणच्या वक्तृत्व स्पर्धेला जाणाऱ्यांत आदल्या दिवशीपर्यंत माझं नाव होतं. ते पुसून तिथे दुसऱ्या मुलीचं घातलं होतं. एकाच हाताने वर चढवलं आणि खालून उतरवलं. समोर शिफ्टची बस उभी होती आणि खिडक्यांतून माणसं वाचत होती.

मी तशीच शिक्षकांच्या खोलीत गेले. सर चहा पीत होते.

''सर, माझं काही ठरलेलं नाही.''

''ठरेल की. घर चांगलं आहे. मी सांगतोय ना.''

''माझ्या बाबांनी होकार दिलेला नाही. ते पुसा.''

त्यांनी बशीत चहा ओतला. ''हे बघ, आता जाहीर झालंय. शुभ बातमी पुसायची नसते, अपशकुन होतो. आणि स्पर्धेचं मनाला लावून घेऊ नकोस. लग्न ठरलेल्या मुलीला आता स्टेजवर कशाला पाठवायचं, सासरचे काय म्हणतील?''

खोलीतले बाकीचे हसले. त्यात एक बाई पण होत्या, त्याही हसल्या. मी आजही त्या हसण्यासकट त्या खोलीचा द्वेष करते, आणि तो कमी व्हावा असं मला वाटत नाही.

मी पुसायला गेले, तर शिपाई आडवा आला. म्हणाला, ''ताई, माझी नोकरी जाईल.'' मी परत फिरले. संध्याकाळी मावशीला सांगितलं तर ती म्हणाली, ''बरं झालं, परस्पर काम झालं.'' तिच्याशी मी जेवेपर्यंत बोलले नाही आणि जेवल्यावरही नाही.

पण खरं काम तिकडे पेणला व्हायचं होतं. दुसऱ्या दिवशी बाबा बाजाराला म्हणून पेणच्या रामवाडी स्टँडवर उतरले. गावातली दोनतीन माणसं धाटावला जायची, त्यांनी फलक वाचून आदल्या रात्रीच गावभर केलेलं. बाबांना वाटलं, गंमत करतात. पण रामवाडीच्या स्टँडवर मुलाचे काका हजरच. बरोबर आणखी चार माणसं. काकांनी खिशातून पुडी काढली, बाबांच्या तळहातावर साखर ठेवली आणि म्हणाले, ''व्याही, तोंड गोड करा. पोरीचं नाव कॉलेजात लागलंय.''

आमच्याकडे लग्नाच्या बोलण्यात चार माणसांसमोर साखर तोंडात टाकली म्हणजे शब्द दिला. पुढे टिळा, पुडा, सगळं होतं, पण खरं लग्न त्या साखरेवर ठरतं. ती न खाता हातात धरून ठेवायची सोय असते, बापाने 'घरी इचारतो' म्हणून ती कागदात बांधून न्यायची. बाबांना हे काय माहीत नव्हतं? त्यांनी स्वतः कितीतरी जणांच्या बोलण्यांत मध्यस्थी केलेली. पण त्यांनी ती साखर खाल्ली.

कारण त्यांना वाटलं, मीच हो म्हटलं. कॉलेज म्हणजे शिकलेल्या माणसांची जागा. तिथे पोरीला न विचारता पोरीचं नाव कोण लिहील? आपल्याला सांगायला लाजली असेल, म्हणून तिथे लिहायला सांगितलं असेल. जन्मात कधी अक्षर न वाचलेल्या माणसाचा अक्षरावर एवढा विश्वास होता.

त्याच पावली मिळेल ती एस.टी. पकडून ते वरश्याला आले, हातात पेढ्यांचा पुडा घेऊन. त्या दिवशी मी कॉलेजला न जाता अंगणात भांडी घासत होते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, ''मला आधी सांगायचं व्हतं गो. मी काय नाय बोललो असतो?''

मी हातातलं पातेलं भिरकावलं. तोंडाला येईल ते बोलले. तुम्ही मला विकलंत, तुमचा शब्द खोटा, शिकवायचं नव्हतं तर इथे पाठवलंत कशाला. मावशी मध्ये पडली तिलाही सुनावलं. माझं ओरडून झाल्यावर बाबांनी विचारलं, ''म्हंजे तू व्हय म्हटलंच नायस?''

''मला कुणी विचारलंच नाही.''

''मंग लिवलं कुनी?''

मी सांगितलं. सर कोण, मुलाचे कोण, सगळं. बाबांनी पेढे मावशीच्या ओट्यावर ठेवले, टोपी नीट केली आणि म्हणाले, ''चल. दाखव कुठं हाय ते.''

कॉलेज सुटायची वेळ होती. थांब्यावर गर्दी, समोर बस. बाबा फलकासमोर जाऊन उभे राहिले. खालपासून वरपर्यंत गच्च लिहिलेलं. त्यांनी थोडा वेळ त्या सगळ्याकडे पाहिलं. मग खांद्यावरचा पंचा काढला आणि पुसायला सुरुवात केली. त्यातली माझी ओळ कुठली हे त्यांना कळत नव्हतं आणि एवढ्या लोकांसमोर मला विचारायची त्यांना लाज वाटली, म्हणून त्यांनी सगळंच पुसलं. आनंदवार्ता, वेलबुट्टी, वक्तृत्व, संमेलन, कबड्डी, प्राचार्यांचं भाषण. वरचं पोचेना तेव्हा टाचा उंचावून पुसलं. शिपाई आला आणि बाबांचा चेहरा बघून बाजूला झाला.

सर धावत आले. ''अहो, हे काय करताय? कोण तुम्ही?''

''हिचा बाप.''

''तुम्ही साखर खाल्लीय. चार माणसांसमोर. मुलाच्या काकांचा फोन आलाय मला.''

''खाल्ली. तुमच्या लिवण्यावर इस्वास ठेवून खाल्ली.'' बाबांनी पंचा झटकला. सगळा गुलाबी धुरळा उडाला. मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, ''गेलं काय गो तुजं नाव?''

मी म्हटलं, ''गेलं.''

''मंग चल.''

यानंतर सगळं छान झालं असं वाटत असेल तर तसं नाही. कॉलेजने माझ्याकडून माफीपत्र मागितलं, मी दिलं नाही. संमेलनात मला येऊ दिलं नाही. परीक्षा विद्यापीठाची होती म्हणून ती तेवढी अडवता आली नाही. मी पास झाले, पुढे बी.एड. केलं, पेणला नोकरी केली. पण खाल्लेली साखर बाबांना परत देता आली नाही, कारण आमच्यात तशी रीतच नाही. ते नकार सांगायला मुलाच्या दारात जाऊन उभे राहिले तेव्हा त्यांना ओटीवर घेतलं नाही. गावात त्यांना बोलण्यांत मध्यस्थ म्हणून कुणी बोलवेना. पुढे कुणाच्याही साखरपुड्याला गेले की साखर वाटणारा त्यांच्यापाशी येऊन त्यांना वगळून पुढच्याच्या हातावर ठेवायचा. बाबा हात पुढे करून बसलेले असायचे. मी एकदा ते बघितलं. मरेपर्यंत त्यांनी मला याबद्दल एका शब्दाने बोल लावला नाही.

सर मात्र थाटात निवृत्त झाले. त्यांच्या सत्काराची बातमीही त्याच फलकावर लागली म्हणे.

काल कॉलेजमधून एका बाईंचा फोन आला. तरुण आवाज, गोड बोलणं. मॅडम, आपल्याला घ्यायला गाडी पाठवू ना? मी म्हटलं, मी येणार नाही, मला कुणी विचारलेलं नाही.

''हो मॅडम, राहून गेलं, सॉरी. पण आता जाहीर झालंय ना. सगळीकडे गेलंय.''

''मग माझं नाव काढा.''

''एकट्या तुमचं नाव नाही काढता येत, मॅडम. तो सगळा मिळून एकच फोटो आहे.''

''मग सगळंच पुसा,'' मी म्हटलं, आणि फोन ठेवला.