झाडाखालची खुर्ची

भाऊजी आयुष्यात कधी धावले असतील, तर फोटोत पहिल्या रांगेत जागा मिळवायला. तरी क्रीडामंडळाचे सेक्रेटरी तेच. "आपली पोरं जगाच्या मैदानात उतरली पाहिजेत!" हे ते लग्नात बोलत, मयताला गेले तरी बोलत. लोकांनी त्यांचं नाव 'जागतिक' ठेवलं. त्यांना तो मानच वाटला.

वहिनी, म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाची विधवा, त्यांना पाण्यात पाहत. पण वहिनींचा मुलगा मंडळाचा सगळ्यांत वेगवान धावपटू होता. त्याची परदेशवारी भाऊजींच्याच हाती, म्हणून त्या तोंडाला कुलूप लावून बसल्या होत्या.

मंडळाच्या मैदानावर शर्यत नेहमी उजवीकडे वळत धावायची. का, तर सरळ पट्ट्याच्या टोकाची शेवटची फीत जागतिकांच्या खुर्चीसमोर यावी, आणि खुर्ची झाडाच्या सावलीत असावी. बस, एवढंच शास्त्र.

अखेर परदेशातून बोलावणं आलं, एका धावपटूला आणि सोबत आणखी एकाला. सोबतीला धावणं शिकवणाऱ्या मास्तरांनी जायचं, हे शेंबडं पोरही सांगेल.

"मास्तरांना भाषण कुठे येतं?" म्हणत भाऊजींनी स्वतःसाठी तीन कोट शिवले.

तिथे सगळं जग डावीकडे वळत धावत होतं. भाऊजींनी संयोजकांना बजावलं, "तुम्ही उलटे धावता." त्यांनी नम्रपणे चहा पाजला. दुसऱ्या दिवशी पोरगा पहिल्याच वळणावर कोलमडला.

परतल्यावर सभा झाली. "आम्ही खूप कमावलं," भाऊजी म्हणाले. "पोराला जागतिक दडपण झेपलं नाही, इतकंच."

घरी पोरानं बूट खाटेखाली सारले. "आई, मला वळताच येईना गं. आता मी धावणार नाही."

सकाळी वहिनींनी त्याला ओढतच मैदानावर नेलं, मास्तरांना बोलावलं आणि ती जड खुर्ची स्वतः फरफटत सरळ पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली. फीतही तिकडेच बांधली. पोरगा कुरकुरत, अडखळत डावीकडे वळू लागला.

इतक्यात भाऊजी आले. "वहिनी, हे काय? इथे तोंडावर ऊन येतं!"

"येऊ द्या की, भाऊजी. जगात ऊन असतंच."

"पण पाहुण्यांना..."

"छत्री देईन. बसा, नाहीतर घरी जा. पोराच्या वाटेत मात्र उभे राहू नका."

भाऊजी बसले. खुर्ची सोडणं त्यांना कधी जमलंच नव्हतं.