टेपपासून खडूपर्यंत

आमचे धाकटे भाऊजी शिंपी आहेत. माप ते कधी लिहून घ्यायचे नाहीत. टेप गळ्यात टाकून, आकडा डोक्यात ठेवून थेट खडू हातात घ्यायचे. पाठदुखीवर उपाय म्हणून ते गांजा ओढू लागले. दुखणं कमी झालं, झोपही लागू लागली, ते खोटं कशाला लिहू? पण मग त्यांनी ह्यांचा कोट शिवून आणला, तर दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या निघाल्या.

"अरे, माझा उजवा हात कुठे ठेवलास?" ह्यांनी विचारलं.

भाऊजी हसायला लागले ते थांबेचनात. डोळे लाल, तोंडाला कोरड. पाणी प्यायले आणि माझ्याकडे वळले.

"वहिनी, हल्ली माप टेपपासून खडूपर्यंत पोहोचतच नाही. मधेच सांडतं."

"मग लिहून ठेवा की."

"लिहायला घेईपर्यंत काय लिहायचं तेच जातं. हातातलं कसब गेलं तर खाऊ काय?"

त्या दिवशी त्यांनी गांजा सोडला. मग कित्येक आठवडे झोप उडाली, घामाने अंथरूण भिजायचं, माझ्यावरही खेकसायचे. मी देवापुढे एवढंच मागत होते, की आकडा खडूपर्यंत तरी टिकू दे.

आज ते नवी बाही बेतायला आले. ह्यांच्या हाताला टेप लावली आणि आकडा पुटपुटत टेबलाकडे निघाले. ह्यांनी मुद्दाम मधेच विचारलं, "चहा घेणार का रे?"

भाऊजींनी आधी कापडावर खडू ओढला, मग मान वर केली. "घेणार."

मी आत जाऊन आधी देवाला हात जोडले, चहा नंतर ठेवला.