देवाला दुखत नाही

समस्त वाचकांस कळवताना छाती दडपून जाते, पण कळवणे भाग आहे: देवाला दुखत नाही. हा निकाल पेणकरपाड्यातल्या आमच्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावरून लागला होता. देणारे होते आमचे शेजारी, निवृत्त मास्तर. रिफॉर्म्ड या ख्रिस्ती पंथाच्या मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, ते धर्मशिक्षण द्यायचे.

मी हिंदू, कोकणातला, आणि खोडसाळ. गॅलरीत गाठून विचारायचो, "मास्तर, मग क्रूसावर होतं कोण?"

"ख्रिस्तच. पूर्ण देव, पूर्ण माणूस."

"आणि खिळे?"

"ते माणूसपणात लागले. देवपणाला वेदना शिवत नाही."

"मजा आहे देवाची."

"अहो, बुडणाऱ्याला काढायला काठावर कुणीतरी घट्ट उभा लागतो. तोही गटांगळ्या खायला लागला, तर काढणार कोण?"

मी आत सटकलो. मला पोहता येत नाही.

मग काकूंचा, म्हणजे मास्तरांच्या बायकोचा, आजार हाडांत उतरला आणि मास्तरांच्या येरझाऱ्या सुरू झाल्या. घरात जायचे, लगेच बाहेर यायचे. चप्पल घालायचे, काढायचे.

"ती विचारते, माझं दुखणं त्याला कळतं का. उत्तर चोख आहे माझ्याकडे."

"मग द्या की."

"तिच्याकडे बघून देता येत नाही हो."

आज दोघंही नाहीत. आधी काकू गेल्या, मग नगरला भावाकडे राहायला गेलेले मास्तर. मला मात्र त्या साली काकूंनी हट्टाने गाठलेला गुड फ्रायडे दिसतो. प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून त्यांना आम्ही दोघा-तिघांनी जिन्यावरून उतरवलं, रिक्षात घातलं आणि मंडळीच्या भाड्याच्या हॉलमध्ये पुढेच बसवलं. माझीही तिथेच वर्णी लागली.

त्या दिवशी येशूच्या क्रूसावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. देवाने मला का सोडलं, हा चौथा. तो दरवर्षी मास्तरांकडे.

मास्तर उभे राहिले. "इथे जो ओरडला, तो माणूस. देव मात्र..."

थांबले. चष्मा काढला, पुसला, घातला. "देव मात्र..." पुढचं वाक्य येईना. चर्चचे पाळकसाहेब खाली बघू लागले. कुणीतरी खोकलं. मीसुद्धा, आयुष्यात पहिल्यांदाच, मास्तरांना उत्तर सुचावं म्हणून हात जोडले. कुठल्या देवाला, ते विचारू नका.

आणि खुर्चीतून काकू भर सभेत बोलून गेल्या,

"अहो, त्यालाही दुखलं म्हणा की. नाहीतर मी दिवसभर बोलतेय कुणाशी?"