चाकं असलेली होडी

दुपारी मी किनाऱ्यावर बसले होते. पलीकडच्या रिसॉर्टची नवी बोट खाडीतून आली आणि उथळ पाण्यात तिने पोटाखालून चाकं सोडली, बगळा उतरताना पाय सोडतो तशी.

किनाऱ्याच्या दोन टोकांना जाळी दुरुस्त करत बसलेले म्हातारे तात्या आणि त्यांचा शेजारी धर्मा, दोघेही उठून धावले. आमच्या गावात होडी टेकली की दिसेल त्याने खांदा लावायचा, कुणाची ते विचारायचं नाही. कुंपणावरून या दोघांचं बोलणं बंद झालं त्याला बारा वर्षं झाली. जत्रेतही तोंडं फिरवतात. होडी ओढताना तेवढा खांद्याला खांदा लागतो.

बोट मात्र थांबलीच नाही. पुढची चाकं डौलात वळवून, दोघांना वळसा घालून ती वाळूवर चढली. दोघे गुडघाभर पाण्यात, पुढे केलेले हात तसेच. बोटीचं मला कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू? कुणाच्या कमरेचा काटा ढिला व्हायला नको. पण सगळ्याच होड्या अशा आपल्या आपण चढू लागल्या, तर ही दोन माणसं जवळ येणार कधी?

"हिला काय माणसं नकोत," तात्या पाण्याकडे बघत पुटपुटले.

धर्मा जरा घुटमळला. मग म्हणाला, "माझी होडी येईल चार वाजता. तिला लागाल तुम्ही."