खिडकीतला कप

आज समुपदेशनाला आलेली एक मुलगी चहा संपवून कप विसळायला उठली, आणि मला मुरगूडचे सर आठवले.

वीसेक वर्षं झाली असतील. मी नुकतीच शिकून कोल्हापुरात समुपदेशक म्हणून बसायला लागले होते. सर प्राथमिक शिक्षक, दलित वस्तीत वाढलेले. झोप येत नाही म्हणून आले होते. आल्याच्या चहाची वाफ चष्म्यावर घेत ते म्हणाले, "मॅडम, शाळंत समद्यांचे कप ट्रेमधी असत्यात. माझा तेवढा खिडकीत हाय."

मी शिकल्याबरहुकूम विचारलं, "तो मुद्दामच ठेवलाय कशावरून, सर? दुसरं काही कारण नसेल का?"

ते हसले. "असंल की." चहा संपवून त्यांनी बेसिनपाशी कप आतून-बाहेरून धुतला आणि माझ्या खिडकीत पालथा ठेवला. मी फाईलमध्ये लिहिलं, 'स्वभाव विनम्र. विचार बदलायची तयारी आहे.'

ते परत आले नाहीत.

अभ्यासाच्या पुस्तकात जातीवर एक ओळही नव्हती, असं मी पुढं बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. पण माझ्या गावी, गडमुडशिंगीला, आमच्या गोठ्याच्या कोनाड्यात शेतावरच्या दलित माणसांची वेगळी कपबशी असायची. तिच्यात वरून चहा ओतायचं काम माझंच होतं. ती वेगळी असण्याचं कारण मला पुरतं ठाऊक होतं.

मुलीच्या हातातून मी कप घेतला आणि माझ्या कपाशेजारी ठेवला. सरांचा कप मात्र तेव्हा मी खिडकीतून उचललाच नव्हता. बरेच दिवस तो तिथंच होता.