बाबांचा फोन आणि जाळ्यातलं कासव

हडपसरच्या आमच्या ऑफिसात माझा सगळ्यात हिट आयटम म्हणजे बाबांची नक्कल. बाबा मालवणला मासेमारी करतात आणि घरात बसूनसुद्धा दुसऱ्या बोटीला हाक मारल्यासारखे बोलतात. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांचा आवाज काढला, की अख्खं टेबल हसून लोळतं.

त्या दुपारी खुद्द बाबांचाच फोन आला. मित्रांनी तो लगेच स्पीकरवर टाकला.

"अरे, जाळ्यात कासव गावला. गुदमारला वाटता, हलत नाय. तू शिकलेलो, काय करूचा ता सांग."

सगळे खो खो हसले. त्यांना वाटलं, मीच तोंड बंद ठेवून आवाज काढतोय. "अरे, खरंच बाबा आहेत," म्हटलं, तर टाळ्या पडल्या.

मी घाईघाईत गुगल केलं आणि बाबांना सांगितलं, की लगेच पाण्यात सोडू नका, बुडेल. मागची बाजू उंच करून ठेवा, ओलं फडकं टाका आणि वाट बघा.

"बरा," बाबा म्हणाले. मग थांबून, "थय कोण हसता रे?"

"टीव्ही चालू आसा, बाबा."

रात्री मीच फोन केला. काळोख पडेपर्यंत ते त्याच्याजवळ बसले होते, मग त्यांनी त्याला पाण्यात सोडलं.

"पोहत गेला?"

"नाय. सरळ खाली गेला." बाबांचा आवाज एवढा बारीक मी कधी ऐकला नव्हता. "आणखी वाईच थांबाक होया होता काय रे?"

मला कुठे काय माहीत होतं. मी नाही म्हणालो.